गोगलगाय हलत नाही तेव्हा

"गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण नोकरीच्या काळात मी किती वेळा फळ्यावर लिहिली असेल, त्याचा हिशेब नाही. अर्थ ठरलेला असायचा. वरून गरीब, आतून पक्की. वाक्यात उपयोग करा, दोन गुण. पुढे निवृत्तीनंतर वाचनाला निवांतपणा मिळाला तेव्हा एक गमतीची गोष्ट कळली. जॉर्ज कुव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९५ साली मऊ अंगाच्या प्राण्यांची वर्गवारी करताना गोगलगायींच्या वर्गाला 'गॅस्ट्रोपोडा' असं नाव दिलं. ग्रीक भाषेत 'गॅस्टर' म्हणजे पोट आणि 'पोडोस' म्हणजे पायाचा. झालं की नाही पोटात पाय! पॅरिसच्या पंडिताला जे दिसलं तेच परसात भाजी खुडणाऱ्या आपल्या एखाद्या आजीलाही दिसलं होतं. फरक इतकाच, की त्याने त्याचा वर्ग केला आणि तिने म्हण केली.

गोगलगायीच्या चालीवरून आपण सरकारी कामाला नावं ठेवतो. पण गोगलगाय चालतच नसेल तर? त्यावर मला कुठली म्हण आठवत नाही. आणि मागे एकदा आमच्या घरात नेमका तोच प्रश्न उभा राहिला.

आम्ही नाशिकला राहतो. नातवाच्या हट्टापायी बैठकीच्या खोलीत काचेची माशांची टाकी आली. त्यात सहा-सात छोटे मासे, थोड्या पाणवनस्पती आणि लिंबाएवढी एक पिवळीधमक गोगलगाय. दुकानदार तिला ॲपल स्नेल म्हणतो, आमच्याकडे ती नुसती 'पिवळी'. त्या जानेवारीत मुलगा, सून आणि नातू एका लग्नासाठी आठवडाभर नागपूरला गेले आणि टाकी माझ्यावर सोपवून गेले. दुसऱ्याच दिवशी पिवळी तळाच्या खड्यांवर आडवी झाली, दार लावून घेतलं आणि हलेचना. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. रोज रात्री फोन यायचा, "आजी, हलली का गं?"

सल्ले देणाऱ्यांना काय तोटा! कामाच्या मावशी म्हणाल्या, "मेली असंल ती, टाकून द्या, पाणी नासंल." शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, मारण्याचं पाप नको. गोदावरीत सोडून या." आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "थांबून बघा ना जरा."

आता बघा, तिघांच्याही म्हणण्यात काही ना काही तथ्य होतं. गोगलगाय खरंच मेली असेल तर तिचं शरीर पाण्यात कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि लहान टाकीत त्याने मासेही दगावतात. म्हणजे थांबणं धोक्याचं. पण ती जिवंत असेल आणि आपण तिला कचऱ्यात टाकलं, तर? जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला अशा वेळी एकच मार्ग सुचतो. आपल्या आधी कुणावर ही वेळ आली होती का, ते शोधायचं. आणि वाचकहो, आली होती. तीही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमवर!

पण त्याआधी एक साधा प्रश्न. माशांच्या टाकीत गोगलगाय आलीच कशी? शोभेला? नाही. घरातली काचेची टाकी ज्या प्रयोगातून सिद्ध झाली, तो गोगलगायीमुळेच तडीला गेला.

झाडं हवा शुद्ध करतात हे जोसेफ प्रीस्टलीने १७७१ च्या सुमारास दाखवलं होतं. मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडलेल्या हवेत त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. यासाठी उजेड लागतो हे यान इंगेनहाउस याने १७७९ मध्ये दाखवलं. मग हाच न्याय पाण्यात का लागू होऊ नये? मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या तर पाणी बदलायची गरजच पडू नये!

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने हे करून पाहिलं. हा पेशाने रसायनशास्त्रज्ञ, औषधविक्रेत्यांच्या संस्थेत नोकरीला. १८४१ साली लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली त्यात याचाच पुढाकार. १८४९ मध्ये त्याने १२ गॅलनच्या, म्हणजे सुमारे ५४ लिटरच्या काचपात्रात दोन छोटे सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची लांब पातीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. सुरुवातीला सगळं छान चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं पिवळी पडून कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवं शेवाळ धरलं. हिशेब कुठेतरी चुकत होता. प्राणी होता, वनस्पती होती, पण मेलेल्याची विल्हेवाट लावणारं कुणी नव्हतं.

तेव्हा त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, शेवाळ खाल्लं, पाणी पुन्हा नितळ झालं. शिवाय त्यांनी घातलेली अंडी माशांना खाऊ झाली. कुणाचंच काही वाया गेलं नाही. आपल्या जुन्या वाड्यांत शेण, चूल, राख, भांडी आणि परसातली आळवं यांचं जे चक्र चालायचं, तसंच हे. हा सगळा अहवाल वॉरिंग्टनने मार्च १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे वाचला.

काचेत पाणजीव ठेवणारा तो काही पहिला नव्हे. झान विलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईने १८३२ च्या सुमाराला सिसिली बेटावरच्या मेसिनात काचेच्या टाक्या करवून घेतल्या होत्या. कागदासारख्या पातळ कवचाचा अर्गोनॉट हा समुद्रजीव आपलं कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचं पळवतो, हा वाद तेव्हा होता. तो स्वतःच बनवतो, हे बाईंनी टाकीत बघून सिद्ध केलं. अर्गोनॉट हासुद्धा मृदुकायच, म्हणजे गोगलगायीचा लांबचा नातेवाईक.

पण वॉरिंग्टननंतर या गोष्टीने वेग घेतला. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यघर उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि आज आपण सर्रास वापरतो तो शब्द रूढ झाला. मग मध्यमवर्गीय घराघरांत टाक्या आल्या. पुढच्या दशकात ही लाट ओसरलीसुद्धा. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. शाळेच्या सहली घेऊन मी तिथे अनेकदा गेले आहे. काचेला नाकं लावून उभी असलेली मुलं माशांकडे बघायची. कोपऱ्यात चिकटलेल्या शंखशिंपल्यांकडे एखादंच पोर बघायचं. जे हलतं त्याच्याकडेच डोळा जातो, हा मनुष्यस्वभावच आहे.

असो. आता ब्रिटिश म्युझियमची गोष्ट.

इजिप्तच्या वाळवंटातून काही गोगलगायींचे शंख तिथे आले. 'हेलिक्स डेझर्टोरम' असं त्यांचं तेव्हाचं नाव, म्हणजे वाळवंटातली गोगलगाय. २५ मार्च १८४६ या दिवशी ते शंख एका तक्त्याला डिंकाने चिकटवण्यात आले, नाव-गाव लावण्यात आलं, तक्ता जागेवर गेला. संग्रहालयाचं काम संपलं. तिथे असे हजारो तक्ते होते.

चार वर्षं होत आली. ७ मार्च १८५० या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं, की एका शंखाजवळच्या कागदाचा रंग बदलला आहे. एवढंच. कागदावर एक डाग. पण बघणाऱ्याने त्या डागाचा अर्थ लावला. ही गोगलगाय मधल्या काळात केव्हातरी बाहेर आली असणार. तिने सुटायची धडपड केली असणार. शंख डिंकाने पक्का चिकटलेला, जाणार कुठे? मग ती परत आत गेली आणि तोंडावर चकचकीत पातळ पडदा ओढून पुन्हा निजली.

तक्त्यावरून काढून तिला कोमट पाण्यात ठेवलं. आणि ती बाहेर आली! जवळजवळ चार वर्षं अन्नपाण्याशिवाय, डिंकात रुतलेली गोगलगाय चालायला लागली, खायला लागली. म्युझियममधल्या डॉ. विल्यम बेअर्ड यांनी ही हकिगत नोंदवून ठेवली. पुढे सॅम्युअल वुडवर्ड या त्यांच्या सहकाऱ्याने मृदुकाय प्राण्यांवर पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यात ती आली आणि गोगलगायीचं जिवंतपणी काढलेलं चित्रही आलं. त्यानंतर ती आणखी दोन वर्षं जगली. १८५२ मध्ये ती खरोखर मेली.

ही गोष्ट वाचताना मला सारखा वर्गच आठवत होता. तक्त्यावरचं सगळं बरोबर होतं. नाव बरोबर, देश बरोबर, तारीख बरोबर. हजेरीपटासारखं. आमच्या हजेरीपटावरही अशी मुलं असायची, मागच्या बाकावर, वर्षभर एक शब्द न बोलणारी. शिक्षक-खोलीत त्यांच्यावर शिक्का बसलेला असायचा, "तो ना? गोगलगाय आहे नुसता." त्या वाळवंटातल्या गोगलगायीने चार वर्षांत एकदाच हात वर केला होता, आणि त्या वेळी वर्गात कुणी नव्हतं. पण हात वर केल्याची खूण राहिली. ती खूण बघणारा माणूस पुढे भेटला, म्हणून ती वाचली.

तारखांकडे जरा बघा. एकाच शहरात, एकाच महिन्यात, मार्च १८५० मध्ये, एक माणूस सांगत होता की गोगलगायीवाचून पाण्यातला संसार चालत नाही, आणि दुसरीकडे मेलेली म्हणून ठेवलेली गोगलगाय उठून बसत होती. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मला हे दोन धडे एकाच पानावर लिहावेसे वाटतात.

मग ही झोप असते तरी काय? गोगलगायीचं अंग ओलं, कातडी पातळ. कोरडी हवा हा तिचा मोठा शत्रू. दिवस वाईट आले की ती शंखात शिरते, तोंड बंद करते, श्वास आणि नाडी अगदी मंद करते आणि चांगल्या दिवसांची वाट बघते. ऊन आणि दुष्काळातली ती ग्रीष्मनिद्रा आणि थंडीतली शीतनिद्रा. जमिनीवरच्या पुष्कळशा गोगलगायी तोंडावर चिकट स्रावाचा पडदा धरतात, तो वाळून कडक होतो. ॲपल स्नेलच्या जातीला मात्र कायमचं दार असतं, पायाला जोडलेलं कडक झाकण. आत गेली की आपोआप लागतं.

या झोपेचा उपयोग चार्ल्स डार्विनने करून घेतला. भर समुद्रातल्या बेटांवर जमिनीवरच्या गोगलगायी पोचल्या कशा, हे कोडं त्याला पडलं होतं, कारण खारं पाणी त्यांना मारक. निजलेल्या अवस्थेत लाकडाच्या फटीत बसून त्या वाहत जात असतील का? त्याने निजलेल्या गोगलगायी समुद्राच्या पाण्यात ठेवल्या. काही जाती सात दिवस तग धरून राहिल्या. त्यांतली एक पुन्हा निजल्यावर त्याने तिला वीस दिवस खाऱ्या पाण्यात ठेवलं, तरी ती धडधाकट बाहेर आली. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये हा प्रयोग आहे. म्हणजे जागी राहिली असती तर मेली असती. निजली म्हणून समुद्र ओलांडू शकली.

आपल्याकडेही हे नवीन नाही. महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेतलेल्यांना 'पिला' आठवत असेल. आपल्या तळ्यांत, भातखाचरांत सापडणारी मोठी गोगलगाय. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे बेनी प्रसाद, जे पुढे त्या संस्थेचे संचालक झाले, त्यांनी १९२५ साली तिच्या शरीररचनेवर प्रबंध प्रसिद्ध केला. या प्राण्याला कल्लाही असतो आणि फुप्फुसही. पाण्यात कल्ल्याने श्वास, आणि पाणी वाईट झालं की नळी वर काढून हवेतला श्वास. तळं आटलं की ती चिखलात खोल जाते, झाकण लावते आणि महिनोन्‌महिने पडून राहते. मृगाचा पाऊस आला की तळ्याबरोबर तीही उठते. दुकानातली पिवळी ही याच घराण्यातली, फक्त दक्षिण अमेरिकेतली शाखा.

हे सगळं वाचून मी काय केलं, ते सांगते. चहाच्या गाळणीने पिवळीला हलकेच उचललं आणि काचेच्या पसरट भांड्यात, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या शिळ्या पाण्यात ठेवलं. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरिन असतं, ते पाणी उघडं ठेवल्यावर पुष्कळसं उडून जातं. वेगळं भांडं अशासाठी, की मेलीच असेल तर माशांना त्रास नको, आणि जिवंत असेल तर तिला वेळ मिळावा. मग नाक जवळ नेऊन वास घेतला. काही नाही. मेलेल्या गोगलगायीचा वास असा असतो, की शंका उरत नाही. झाकण बघितलं, घट्ट. मेलेल्याचं झाकण सैल पडतं, अंग बाहेर लोंबतं. तेव्हा निकाल राखून ठेवला.

मग कारण शोधलं. माशांसाठी काही औषध टाकलं होतं का, हे नातवाला फोनवर विचारलं, कारण माशांच्या काही औषधांत तांबं असतं आणि तांबं गोगलगायीला विष. गोगलगायींतून पसरणाऱ्या बिल्हार्झिया रोगाला आवर घालायला इजिप्तमध्ये कालव्यांत मोरचूदच टाकत असत. पण तसं काही टाकलेलं नव्हतं. पाण्यातल्या तापमापकाकडे नजर गेली तेव्हा उलगडा झाला. १९ अंश. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या आणि आमच्या टाकीला हीटर नव्हता. ॲमेझॉनच्या प्रदेशातली ती, तिला नाशिकचा जानेवारी काय मानवणार! भांड्याशेजारी टेबललॅम्पचा जुना पिवळा दिवा लावून ठेवला.

पाचव्या रात्री, आम्ही बातम्या बघत असताना, हे म्हणाले, "अहो, ती बघा." झाकण किंचित उघडलं होतं. मग दोन मिशा आल्या, मग पाय. काचेवरून दोन बोटं वर चढली आणि थांबली. मी नागपूरला फोन लावला. पलीकडून इतका मोठा आरडाओरडा झाला, की लग्नघरातल्या लोकांना वाटलं काहीतरी अघटित घडलं.

पिवळी त्यानंतर आठ महिने जगली. काकडीच्या चकत्या खाल्ल्या, काच साफ केली. भाद्रपदात एक दिवस ती पुन्हा हलेनाशी झाली. या वेळी झाकण ढिलं होतं आणि पाण्यातून वर काढताच वास आला. नातवाने स्वतः वास घेतला, मान हलवली आणि काही बोलला नाही. तिसरा हिस्सा पाणी बदललं, शंख धुऊन ठेवला. तिच्या जातीचं आयुष्यच सुमारे वर्षभराचं, मुळात तक्रार करावी असं काही नव्हतं. पण दोन्ही वेळा निकाल तपासून लागला, पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही, याचं मला समाधान आहे. दहा वर्षांच्या पोराने हे शिकावं असं मला वाटत होतं, आणि ते फळ्यावर लिहून शिकवता आलं नसतं.

आता राहिली शेजारच्या काकांची सूचना, गोदावरीत सोडून द्यायची. भूतदया म्हणून ती गोड वाटते. पण इतिहास इथे कान पकडतो.

विल्यम बेन्सन हा कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी, शंखशिंपल्यांचा मोठा अभ्यासक. त्याने मॉरिशसहून मूळच्या आफ्रिकेतल्या राक्षसी आकाराच्या गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि १८४७ साली त्या तिथल्या चौरंगीच्या बागेत सोडल्या गेल्या. हेतू वाईट मुळीच नव्हता. त्या बागेतून ती जात पुढे देशभर पसरली. ॲपल स्नेलचीही कथा तीच. १९८० च्या सुमारास तिची एक जात खाण्यासाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतून तैवानमध्ये आणली. लोकांना चव आवडली नाही, गोगलगायी पाटांत गेल्या आणि पूर्व व आग्नेय आशियातल्या भातशेतीला त्यांनी जेरीस आणलं. टाकीतला जीव नदीत सोडणं ही सुटका नव्हे. ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात नेऊन सोडणं आहे.

बेन्सनच्या गोगलगायींचे वंशज आज आपल्या महाराष्ट्रातही आहेत. आपण त्यांना शंखी गोगलगाय म्हणतो. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली, सरकारला मदत जाहीर करावी लागली. या गोगलगायी उन्हाळाभर कुठे होत्या? तिथेच होत्या. मातीत, बांधाच्या कडेला, दगडांच्या सांदीत, तोंडावर पडदा ओढून निजलेल्या. उन्हाळ्यात रान तापलेलं असताना कुणाला वाटावं, इथे काही जिवंत नाही. पावसाची पहिली सर येते आणि रात्रीत रान चालायला लागतं.

म्हणजे बघा, झोप तीच, पडदा तोच, धीर तोच. माझ्या टाकीत ती उठावी म्हणून मी दिवा लावून बसले होते, आणि मराठवाड्यातला शेतकरी ती उठू नये म्हणून देवाला हात जोडतो. गोगलगाय दोन्हीकडे गोगलगायच आहे. तिला ना आपली माया ठाऊक, ना आपला संताप.

ज्यांनी हे एकदा भोगलं आहे, ते शेतकरी आता रान मोकळं दिसतं यावर विश्वास ठेवत नाहीत. कृषी खात्याने सांगितल्याप्रमाणे गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवतात, संध्याकाळी शेतात ठिकठिकाणी अंथरतात आणि पहाटे बॅटरी घेऊन जातात. गोणपाटाखाली जमलेल्या गोगलगायी वेचतात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकतात. काम किळसवाणं आहे आणि रोजचं आहे. पण एखाद दिवशी गोणपाटाखाली काहीच सापडलं नाही, म्हणून त्यांतला जाणता माणूस ते गुंडाळून घरी नेत नाही. तो ते परत भिजवतो, परत अंथरतो आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा बांधावर हजर असतो.